श्रवण आणि निद्रा : रायपूरच्या मराठी समाजातील एका अलिखित वाङ्मयप्रकाराचा मागोवा

समर्थ रामदासांच्या दासबोधात अठराव्या दशकाचा नववा समास 'निद्रानिरूपण' या नावाचा आहे आणि त्याला लागूनच दहावा समास 'श्रोताअवलक्षणा'चा आहे. हा क्रम सहज पडलेला नसावा. आधीच्या समासात झोपेने घेरलेल्या माणसांचे चित्र आहे. जांभया, आळोखेपिळोखे, घोरणे, झोपेतले बरळणे हे सारे समर्थांनी मिस्कील बारकाईने टिपले आहे. लगेच पुढच्या समासात वाईट श्रोत्याची लक्षणे येतात. ऐकणे आणि झोपणे यांत वैर आहे, कथेला बसून डुलक्या घेणारा श्रोता हा श्रोताच नव्हे, ही या दोन समासांमागची धारणा होय. नवविधा भक्तीत श्रवण पहिले आणि श्रवणाला जागेपण हवे, हे संतवाङ्मयाने इतक्या सातत्याने सांगितले आहे की मराठीतील श्रोत्याविषयीचा सारा विचार जागत्या श्रोत्याचाच विचार झाला आहे.

हा दासबोध हिंदीत नेला तो रायपूरला कर्मभूमी मानणाऱ्या एका मराठी माणसाने. माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ सालचा, दमोह जिल्ह्यातील पथरिया गावचा. छत्तीसगढात वाढलेल्या सप्र्यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. १९०७ साली नागपुरात त्यांनी 'हिंदी केसरी' काढला. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली आणि माफीपत्रावर सुटका झाली. ती सुटका त्यांना आयुष्यभर बोचत राहिली. त्यानंतरच्या एकांतकाळात त्यांनी दासबोधाची पारायणे केली आणि त्यांतूनच 'हिंदी दासबोध' सिद्ध झाला. टिळकांच्या 'गीतारहस्या'चा हिंदी अनुवादही त्यांचाच. १९२६ साली रायपुरातच त्यांचे निधन झाले. मध्यप्रांतातील मराठी-हिंदी देवघेवीचा इतिहास लिहिताना सप्र्यांचे हे कार्य अग्रभागी येते आणि ते योग्यच आहे.

परंतु 'निद्रानिरूपण' ज्या घराघरांतून वाचले गेले असेल, त्याच घरांत रात्री माजघरात आणखी एक श्रवण चालू असणार. तेथे झोप हा श्रवणातला दोष नव्हता, ते श्रवणाचे फळ होते. श्रोत्याने शेवट ऐकला तर सांगणारी किंवा गाणारी हरली, आणि श्रोता मध्येच निजला तर तिचे काम तडीस गेले. अंगाई, रात्रीची गोष्ट, ओव्या, पुढे नभोवाणी अशा रूपांतून हे श्रवण रायपूरच्या मराठी कुटुंबांबरोबर अडीचशे वर्षे चालत आले आहे. बृहन्महाराष्ट्राच्या वाङ्मयेतिहासात मंडळे, नाट्यप्रयोग, गणेशोत्सव, नियतकालिके आणि अनुवाद यांची नोंद होते, या दालनाची होत नाही. त्याचे कारण उघड आहे. ज्या वाङ्मयाचा श्रोता सकाळी त्याची साक्ष देऊ शकत नाही, त्या वाङ्मयाला दफ्तर नसते. पण भाषा घरात टिकते की विझते हे बहुधा त्याच अंधाऱ्या खोलीत ठरते, म्हणून हा मागोवा घेणे अगत्याचे आहे.

मराठी भाषा छत्तीसगढात आली ती घोड्यावरून. नागपूरकर रघूजी भोसल्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर १७४१ साली पूर्वेच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा वाटेत रतनपूरचे हैहय राज्य होते. तेथील राजा रघुनाथसिंह वृद्ध होता आणि एकुलत्या एक मुलाच्या मृत्यूने राज्यकारभारातून मन काढून बसला होता, असे स्थानिक इतिहास सांगतो. प्रतिकार फारसा झाला नाही. त्यानंतरच्या दशकांत रायपूरची धाकटी हैहय शाखाही भोसल्यांच्या अंकित झाली. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले आणि १७८७ मधील मृत्यूपर्यंत तेथेच राहिले. त्यांच्यापासून मराठी भाषा आणि मोडी लिपी दरबारात रुळली. रतनपूरच्या टेकडीवर त्यांनी बांधविलेले राममंदिर 'रामटेकरी' म्हणून ओळखले जाते, नागपूरजवळच्या रामटेकची आठवण देणाऱ्या नावाने. विजयादशमीला सोने वाटण्याची चालही त्यांनीच आणली असे सांगतात. १८१८ साली इंग्रजी देखरेख आली तेव्हा कर्नल ॲग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपुरास हलविले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले तरी कारकून, वकील, शिक्षक, वैद्य आणि पुढे रेल्वेतील नोकरदार या रूपाने मराठी माणसे येत राहिली.

शिलेदार, कारकून आणि पुजारी यांची नोंद इतिहासात आहे, त्यांच्या घरातल्या पाळण्यांची नाही. रायपुरातील 'तात्यापारा' हे मोहल्ल्याचे नाव मात्र या वसाहतीची एक बोलकी खूण आहे. 'तात्या' हे मराठी घरातले संबोधन, आणि 'पारा' हा छत्तीसगढीतला वस्तीवाचक शब्द. बूढापारा, ब्राह्मणपारा या नावांतही तो आहे. बंगालीत हाच शब्द 'पाड़ा' असा येतो. या शब्दाकडे पुढे परत यावे लागेल.

पाळणा आणि अंगाई या दोन संज्ञा मराठीत बोलताना सरमिसळ वापरल्या जातात, परंतु प्रस्तुत विषयासाठी त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. पाळणा हा मुख्यतः विधी आहे. बाराव्या दिवशी बारशाला जमलेल्या स्त्रिया तो म्हणतात. रामनवमीला भर दुपारी बारा वाजता आणि गोकुळाष्टमीला मध्यरात्री देवासाठी तो म्हटला जातो. दुपारी बारा वाजता, शंभर माणसांच्या गजरात, टाळझांजांच्या नादात कोणतेही बाळ निजणार नाही आणि निजावे अशी अपेक्षाही नसते. पाळण्याचा खरा श्रोता जमलेला समाज असतो. म्हणून पाळणे लिहिले गेले, छापले गेले, संतांच्या नावावर जमा झाले. मदालसेचे उदाहरण तर टोकाचे आहे. मार्कंडेयपुराणातील ही राणी आपल्या मुलांना निजविताना आत्म्याच्या शुद्धतेचा उपदेश करते आणि पहिले तिन्ही मुलगे विरक्त होऊन निघून जातात. चौथ्या अलर्काच्या वेळी राजा ऋतध्वज तिला विनवतो, तेव्हा ती त्याला राजधर्म शिकविते. मराठी संतपरंपरेला मदालसा प्रिय वाटली यात नवल नाही, कारण तिचा पाळणा झोपवीत नाही, जागे करतो. 'निद्रानिरूपणा'च्या परंपरेने अंगाईलाही आपल्या बाजूला वळवून घेतल्याचे हे उदाहरण आहे.

अंगाई याच्या उलट आहे. ती एकटीने, एकासाठी, मंद आवाजात म्हटली जाते. तिचे शब्द अर्धवट, पुनरुक्त, कधी निरर्थक असतात. तिची लय झोळीच्या किंवा पाळण्याच्या हेलकाव्याला बांधलेली असते, म्हणजे तिचे छंदशास्त्र दोरीच्या लांबीवर अवलंबून असते. कोकणातल्या काय किंवा वऱ्हाडातल्या काय, जात्यावरच्या ओव्यांचेही असेच एक अंग आहे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये या ओव्यांचा मोठा संग्रह केला. तेथे त्या कविता म्हणून वाचल्या जातात. पण पहाटे दळणाऱ्या आईच्या मांडीवर डोके ठेवून पुन्हा निजणाऱ्या मुलाला ओवीइतकीच जात्याची घरघर ऐकू येत असे. ओवीतले माहेर, सासर, विठ्ठल हे त्याच्यासाठी नव्हते, त्याच्या वाट्याला आला तो एक संथ, न तुटणारा नाद. संग्रहात शब्द आले, घरघर आली नाही.

झोप आणणाऱ्या श्रवणाला शास्त्रकारांनी वाऱ्यावर सोडले असले तरी देवळांनी मात्र त्याला स्थान दिले. पंढरपुरास रोज रात्री शेजारतीने देवाला निजविले जाते. आषाढी आणि कार्तिकी वारीच्या काळात देवाचा पलंग काढला जातो. विठ्ठल रात्रंदिवस भक्तांसाठी उभा राहतो, पाठीशी लोड दिला जातो आणि वारी संपल्यावर प्रक्षाळपूजेने त्याचा शीण घालवून निद्रेचे उपचार पुन्हा सुरू होतात. ज्या संप्रदायात श्रोत्याची झोप हा दोष ठरला, त्याच संप्रदायात देवाच्या झोपेची इतकी काळजी वाहिली जाते. या विसंगतीचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा. येथे एवढेच नोंदवावयाचे की मराठी माणसाने छत्तीसगढात नेलेल्या उपासनापद्धतीत शेजारती होती आणि ती ऐकून घरातील लहानथोर निजावयास जात.

आता भास्कररामाच्या घोडेस्वारांकडे परत गेले पाहिजे, कारण मराठी निद्राश्रवणाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज मराठीत नाही, तो बंगालीत आहे. छत्तीसगढ ओलांडून ही फौज १७४२ साली बंगालमध्ये शिरली. पुढे १७५१ च्या तहापर्यंत जवळजवळ दहा वर्षे या स्वाऱ्या होत राहिल्या. भास्करराम स्वतः १७४४ मध्ये अलिवर्दीखानाच्या छावणीत बोलाचालीसाठी गेला असता मारला गेला. गंगाराम या कवीने 'महाराष्ट्रपुराण' या काव्यात या लुटीचे वर्णन केले. त्याच्या पोथीवर बंगाली सन ११५८, म्हणजे इ. स. १७५१ चा उल्लेख आहे. परंतु ते काव्य अभ्यासकांपुरते राहिले. घराघरांत राहिली ती एक अंगाई. तिचा आशय असा : बाळ निजले, वस्ती शांत झाली, देशात बर्गी आले, बुलबुलांनी धान खाऊन टाकले, आता सारा भरावयाचा कसा?

'बर्गी' म्हणजे मराठीतील 'बारगीर'. शिलेदाराचा घोडा आणि शस्त्र स्वतःचे असते, बारगिराला दोन्ही सरकारातून मिळते. लष्करी उतरंडीतला हा खालचा, पोटार्थी शिपाई. मराठी बखरींत त्याला फारसे स्थान नाही. कोणी पोवाड्यात त्याचे नाव घेतले नाही. मराठीने विसरलेल्या या शिपायाला बंगाली मातांनी अमर केले, तेही भीतीचे दुसरे नाव म्हणून. आणि त्या अंगाईत बाळ निजल्यावर जी निवांत होते ती 'पाड़ा', म्हणजे तात्यापाऱ्यातला तो 'पारा'च. एका वस्तीच्या नावापुढे मराठी संबोधन जाऊन बसले; काही शे कोसांवर त्याच शब्दाने दर्शविलेली वस्ती मराठी टापांच्या भयाने चिडीचूप झाली. भोसल्यांच्या पूर्वविस्ताराची ही दोन टोके एका शब्दात सापडतात.

रवींद्रनाथांनी १८९४ च्या सुमारास बाळांना रमविणाऱ्या या बंगाली गाण्यांवर जे विवेचन केले आणि जे पुढे १९०७ साली 'लोकसाहित्य' या ग्रंथात आले, ते तुलनाकारांना परिचित आहे. या गाण्यांना त्यांनी मेघांची उपमा दिली. शास्त्रोक्त नवरसांपैकी एकही त्यांना पुरत नाही असे म्हणून त्यांनी 'बाल्यरस' अशी नवी संज्ञा सुचविली. ही सूचना फार मोलाची आहे, पण तिच्यात एक उणीव राहते. बर्गींच्या अंगाईतील चिंता बालकाची नाही. सारा, धान, पाखरे हे शब्द झोळी हलविणारीच्या मनातले आहेत. बाळाला नाद मिळतो, अर्थ तिच्याचकडे राहतो. झोप आणणाऱ्या गाण्याचे हे दुहेरी स्वरूप ध्यानात घेतले तर त्यात रस दोन मानावे लागतील, निजणाऱ्याचा एक आणि जागणारीचा दुसरा.

मराठीत याला समांतर उदाहरण आहे, आणि ते लोकगीताचे नाही, अर्वाचीन कवितेचे आहे. दत्त कवींना, म्हणजे दत्तात्रेय कोंडो घाटे यांना, अवघे तेवीस वर्षांचे आयुष्य (१८७५–१८९९) लाभले. त्यांची प्रसिद्ध अंगाई गरीब आईच्या तोंडी आहे. मावळता सूर्य आणि दुर्दैवी माणसाला सोडून जाणारे धन, भोवतालचा काळोख आणि गरिबाच्या मनातला काळोख यांची सांगड घालीत ती आई पडक्या घराचे वर्णन मुलाला ऐकविते. मुलाला यातले काय कळणार? पण मराठी शाळकरी पिढ्यांनी ही कविता पाठ केली, पुढे आपल्या मुलांना म्हणून दाखविली, आणि ती मुले निजलीही. बंगाली अंगाईत सारा भरण्याची विवंचना, मराठी अंगाईत गळके छप्पर. दोहोंतही निजविणारी स्त्री आपल्या संसाराचा हिशेब त्या एकमेव श्रोत्यापुढे मांडते, जो तो हिशेब कोणाला सांगणार नाही.

आणखी एक गोष्ट तिरकसपणे नमूद करण्यासारखी आहे. १७४१ या वर्षीच बाखची एक दीर्घ स्वररचना प्रसिद्ध झाली, जी पुढे 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' या नावाने ओळखली गेली. काउंट कायसरलिंग याला झोप येत नसे, त्याच्या सेवेतील तरुण वादक गोल्डबर्ग याने रात्री वाजवावी म्हणून ती रचना झाली, अशी कथा फोर्केल याने १८०२ च्या बाखचरित्रात दिली. मूळ मुद्रणात कायसरलिंगला अर्पण नाही आणि गोल्डबर्ग तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा होता, म्हणून आधुनिक अभ्यासक ही कथा शंकास्पद मानतात. तरी युरोपने आपल्या एका अभिजात कृतीची जन्मकथा निद्राश्रवणाशी जोडली आणि त्यात कमीपणा मानला नाही, हे लक्षणीय आहे. मराठी परंपरेत एखाद्या थोर रचनेविषयी अशी कथा प्रचलित झाली असती तर ती त्या रचनेची निंदाच ठरली असती.

रायपूरच्या मराठी घरांतील निद्राश्रवण फार काळ केवळ मराठी राहिले असेल असे मानता येत नाही. पाणी भरणारी, मूल सांभाळणारी, दळणकांडण करणारी स्त्री छत्तीसगढी बोलत असे, आणि रात्रीच्या गोष्टीवर तिचाही हक्क असे. भारतीय घरांतून लहान मुलांची भाषा अशीच दुपदरी होते. छत्तीसगढी मौखिक वाङ्मयाचे पहिले महत्त्वाचे संकलन रायपूर परिसरातील एका शिक्षकानेच केले. हिरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ च्या सुमारास छत्तीसगढीचे व्याकरण सिद्ध केले. ग्रिअर्सनने त्याचा इंग्रजी अनुवाद १८९० साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला. व्याकरणाच्या जोडीला त्यात कथा, गीते, म्हणी आहेत. याच ग्रिअर्सनने पुढे आपल्या भाषिक सर्वेक्षणात बस्तरच्या हलबी बोलीला मराठीच्या खंडात बसविले, म्हणजे या भागात भाषांच्या सीमा किती पातळ आहेत याची जाणीव त्यालाही होती.

छत्तीसगढी कथनपरंपरेतील एक संकेत या विषयाच्या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. तो म्हणजे 'हुंकारू'. गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याने मधून मधून हुंकार द्यावा लागतो. पंडवानीत हे काम 'रागी' करतो. तीजनबाईंच्या सादरीकरणात तंबुऱ्याच्या जोडीने रागीचा हुंकार किती कळीचा असे, हे ते पाहिलेल्यांना सांगावयास नको. मराठीतही गोष्ट ऐकताना मूल 'हुं' म्हणते आणि 'हुं म्हण, नाही तर सांगत नाही' अशी तंबी आजी देते. मंचावर हुंकाराने कथा पुढे ढकलली जाते. अंथरुणावर मात्र हुंकाराचे काम वेगळे होते. दोन हुंकारांतले अंतर वाढू लागले, हुंकार लांबट आणि दबका येऊ लागला, की सांगणारीला कळते. ती आवाज उतरविते, वाक्ये लांबविते, घडणाऱ्या गोष्टी कमी करते. हुंकार थांबला की गोष्ट थांबते. म्हणजे रात्रीच्या गोष्टीची लांबी आधी ठरलेली नसते, ती श्रोत्याच्या श्वासावर ठरते.

चिमणी-कावळ्याची गोष्ट या कसोटीवर तपासावी. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पावसात कावळ्याचे वाहून जाते, तो चिमणीच्या दाराशी येतो, आणि चिमणी बाळाचे एकेक काम सांगून दार उघडणे लांबविते. नाट्य म्हणून यात काहीच घडत नाही, केवळ थांबणे आहे. परंतु न्हाऊमाखू, तीट, पावडर, अंगडेटोपडे अशी कितीही कामे सांगणारीला घालता येतात. कथेच्या मध्यावर असलेली ही वाढविण्याजोगी जागा हीच तिची रचना होय. बाळाला शेवटी निजविले जाते हा त्या यादीचा स्वाभाविक शेवटचा टप्पा, आणि ऐकणारे मूल बहुधा त्याच सुमारास निजते. श्रावणातल्या कहाण्या याच्या नेमक्या उलट आहेत. हाती अक्षता धरून त्या ऐकावयाच्या आणि अखेरच्या फलश्रुतीपर्यंत जागे राहावयाचे. कहाणीला 'संपूर्ण' होण्याची गरज असते, गोष्टीला नसते. मराठी लोककथांच्या संपादकांनी अनेकदा अंथरुणावरच्या गोष्टी कहाणीच्या साच्यात बसवून छापल्या, त्यांना नेटका शेवट दिला, आणि त्यामुळे त्यांचा मूळ हेतूच पुसला गेला. छत्तीसगढी कथेच्या अखेरीस वरणभात झाला नि कथा सरली अशा अर्थाचे यमक येते खरे, पण ते ऐकण्यास किती मुले जागी राहत असतील, हा प्रश्नच आहे.

झोप न येऊ देणाऱ्या श्रवणाचीही या प्रदेशात एक थोर नोंद आहे. रायपूरच्या पश्चिमेस राजनांदगाव येथे गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन करीत होते. घरची भाषा मराठी, धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे मराठीतील महत्त्वाचे कवी. स्वतः मुक्तिबोधांनी हिंदीत लिहिले. त्यांची 'अंधेरे में' ही दीर्घ कविता ११ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाल्यानंतर प्रकाशात आली. तिच्या आरंभी अंधाऱ्या खोल्यांतून कोणीतरी सतत फेऱ्या घालतो आहे, तो दिसत नाही, त्याच्या पावलांचा आवाज तेवढा ऐकू येतो. बंगालच्या अंगाईत बाळ निजल्यावर टापा ऐकू येऊ लागतात; मुक्तिबोधांच्या कवितेत पावले ऐकू येत असल्याने निजताच येत नाही. दोन्ही ठिकाणी काळोखातल्या आवाजाला राजकीय अर्थ आहे. मराठी घरात वाढलेल्या कवीने हा अनुभव हिंदीत का मांडला, याची चर्चा सहसा प्रकाशनसंधी आणि शिक्षणाची भाषा या अंगाने होते. त्याला आणखी एक पदर असू शकेल. निजविण्याची भाषा घरची असते. जागरण ज्या भाषेत करावयाचे, ती मात्र माणूस बाहेरून निवडतो.

विसाव्या शतकाच्या मध्यावर निजविणारा आवाज घराबाहेरून येऊ लागला. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले, रायपूर केंद्र २ ऑक्टोबर १९६३ रोजी. रायपूर केंद्राची भाषा स्वाभाविकपणे हिंदी आणि छत्तीसगढी होती. मराठी हवी असेल तर नागपूर लावावे लागे, आणि येथे भौतिकशास्त्राने मराठीच्या इतिहासात हात घातला. मध्यम लहरी दिवसा वातावरणाच्या आयनयुक्त खालच्या थरात शोषल्या जातात. सूर्यास्तानंतर तो थर विरतो आणि त्याच लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवर पोचतात. सुमारे तीनशे किलोमीटरवरील नागपूर केंद्र रायपुरात दिवसा खरखरत असेल तर रात्री स्पष्ट लागे. दिवसभर कार्यालयात, शाळेत, बाजारात हिंदी-छत्तीसगढी बोलणाऱ्या कुटुंबाला मराठी ऐकू येण्याची वेळ म्हणजे निजण्याची वेळ. १९५७ मध्ये विविधभारती सुरू झाल्यावर तिच्या 'बेला के फूल' या उत्तररात्रीकडे झुकणाऱ्या कार्यक्रमाने हिंदी चित्रगीतांनाही हीच जागा दिली. एकाच संचाची खुंटी नागपूर आणि विविधभारती यांच्यामध्ये फिरत राहिली आणि घरातल्या पिढ्यांची निवड त्या खुंटीवरून कळू लागली. मंगेश पाडगांवकरांच्या शब्दांतली, श्रीनिवास खळ्यांच्या चालीतली आणि लता मंगेशकरांनी गायिलेली अंगाई याच काळात घरोघर पोचली. ती इतकी चांगली गायिली गेली की आपल्या कातर आवाजात अंगाई म्हणण्याचा अनेक आयांना संकोच वाटू लागला, ही त्या यशाची दुसरी बाजू.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले, रायपूर राजधानी झाले. २००७ मध्ये विधानसभेने छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा देणारे विधेयक मंजूर केले. महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांतून मराठीचे उत्सव, नाटके, वर्ग चालू आहेत. ते जागेपणीचे मराठी आहे आणि त्याची नोंद होत राहील. रात्रीच्या मराठीची स्थिती निराळी आहे. २०१७ च्या अखेरीस 'स्टोरीटेल' या श्राव्यपुस्तकांच्या सेवेने भारतात इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठीची निवड केली आणि कादंबऱ्या, कथा, संतवाङ्मय भ्रमणध्वनीवर ऐकू येऊ लागले. रायपुरातील मराठी तरुण, ज्याला देवनागरी वाचता येते पण मराठी पुस्तक हाती धरण्याचा सराव नाही, तो आता अंथरुणावर पडल्या पडल्या मराठी ऐकू शकतो. या सोयीत दासबोधही आहे, म्हणजे 'निद्रानिरूपण' ऐकत झोपी जाणे शक्य झाले आहे. समर्थांनी यावर काय म्हटले असते, याची कल्पना करणे फारसे अवघड नाही.

अशा श्राव्य सेवांत ठरलेल्या मिनिटांनी आवाज आपोआप थांबविण्याची योजना असते. ऐकणारा पंधरा, तीस, पंचेचाळीस मिनिटे असा आकडा आधी लावतो. कधी तो आकडा संपण्यापूर्वीच निजतो, आणि मग वाचकाचा आवाज रिकाम्या खोलीत चालू राहतो. कधी आकडा संपतो, आवाज बंद होतो, आणि त्या अचानक शांततेने डोळा उघडतो. तात्यापाऱ्यातल्या जुन्या घरांत आजी नातवाला अजूनही गोष्ट सांगत असेल, तर ती मध्येच थांबून विचारते, 'झोपलास का रे?' आणि उत्तर आले नाही की दिवा मालवते.